लांजेवारांचे तीन हिसके

लांजेवारांनी आयुष्यात कुठल्याही कुलपावर एका हिसक्यात विश्वास ठेवलेला नाही. कुलूप लावलं की ते त्याला तीनदा ओढतात. स्वतःच्याच घराचं असं नाही, समोर येईल ते. आमच्या इमारतीचं फाटक, गच्चीवरच्या टाकीचं झाकण, एकदा तर बँकेबाहेर एका अनोळखी माणसाच्या स्कूटरची डिकी. तो माणूस ओरडला, "काय करून राह्यले भाऊ?" लांजेवारांनी तिसरा हिसका पूर्ण केला आणि म्हणाले, "लागली आहे. जा."

तीनच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"पहिला कुलपाले. दुसरा लावनाऱ्याले. तिसरा आपल्याले."

"आपल्याला कशाला?"

"सगळ्यात जास्त डाउट तं आपल्यावरच ठेवा लागते, सर."

ही सवय नोकरीतली. नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या एका गोदामात त्यांचं सारं आयुष्य गेलं. आलेल्या ट्रकच्या दाराचं सील शाबूत आहे की नाही, हे पाहणं त्यांचं काम. नंबर वाचायचा, तार ओढायची, मग दार उघडू द्यायचं. निवृत्त झाल्यावर ट्रक संपले, नजर संपली नाही. आता ती दूधवाल्यावर, लिफ्टवर आणि हवामानाच्या अंदाजावर असते. लग्नाची पत्रिका आली की ते ती उलटसुलट पाहतात आणि विचारतात, "आपल्याले काहून बोलावलं?" मग लग्नाला जातात, दोनदा वाढून घेतात, आणि येताना पुन्हा विचारतात, "इतकं चांगलं जेवन काहून ठेवलं असन?"

'काहून' हा त्यांचा चौथा हिसका. 'का'ला आम्ही नागपूरकर 'काहून' म्हणतो, पण लांजेवारांइतका तो कुणी वापरलेला मी ऐकला नाही. नागपूरवर मात्र त्यांचा पूर्ण भरवसा. हे गाव देशाच्या मधोमध आहे आणि समुद्र कुठूनही आला तरी इथे पोचेपर्यंत थकेल, असं ते मानतात.

म्हणूनच ते माझ्याबरोबर समुद्रावर का आले, याचा मला बरेच दिवस संशय होता.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लांजेवारांच्या समोरच्या दारात राहतो. माझी पत्नी विजया शाळेत भूगोल शिकवायची. भरती-ओहोटी, लाटा, खारे वारे हे सगळं तिनं नागपूरच्या उन्हात फळ्यावर खडूनं काढलं. प्रत्यक्ष समुद्र तिनं दोनदा पाहिला, तोही घोट्यापर्यंत. एकदा तिनं फोनवर एक साठीची बाई लाटेवर फळी घेऊन उभी राहिलेली पाहिली आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. "आपण कोकणात जायचं आणि सर्फिंगची शिकवणी लावायची," ती म्हणाली. "पण प्रायव्हेट हं. चारचौघांत पडायला मी कुणाची विद्यार्थिनी नाही." मग ती आजारी पडली. शेवटी शेवटी तिनं अट सोपी केली. दोघांपैकी एकानं तरी उभं राहायचं.

ती गेली त्याला वर्ष होत आलं, तेव्हा मी शिकवणी ठरवली. तासभराची, एकट्याची. एकदा उभं राहायचं, तिचं काम करून टाकायचं. त्याच्या पुढचा मी विचार केला नव्हता.

निघायच्या आधी मी घर आवरलं. पुस्तकांची सहा खोकी एका वाचनालयाला देऊन टाकली. पेपर बंद केला. तुळशीची कुंडी आणि किल्ली घेऊन लांजेवारांकडे गेलो. त्यांनी कुंडीकडे ट्रककडे पाहावं तसं पाहिलं.

"पेपर बंद काहून केला?"

"मी नसेन ना इथे."

"आठ दिवसासाठी कोनी पेपर बंद करत नाही. शेजाऱ्याले घेजा म्हन्ते. पुस्तकं काहून वाटले?"

"धूळ खात होती."

"वर्षभर खाल्ली, आताच काहून? वापसीचं तिकीट दाखवा."

ते मी काढलं नव्हतं. तसं सांगितलं. लांजेवारांनी कुंडी घेतली, आत नेऊन ठेवली, बाहेर येऊन स्वतःच्या दाराला तीन हिसके दिले आणि खाली उतरून गेले. संध्याकाळी आले ते तिकिटं घेऊन. मी जाणार त्याच गाडीचं स्वतःचं एक, आणि परतीची दोघांची दोन.

"मी बी येतो. मले समुद्रावर डाउट आहे, एकदा पाहूनच घेतो."

मला राग आला. या दुःखात मला साक्षीदार नको होता. शिवाय आता माझाच संशय जागा झाला. वर्षभर हा माणूस रोज सकाळी सातला माझी कडी वाजवून पेपर मागत होता. मी पेपर दिला की तो न उघडता काखेत मारायचा, माझ्या खांद्यावरून आत बघायचा, "चहा झाला काय?" विचारायचा आणि निघून जायचा. माझ्या घरात याला काय पाहायचं असतं? आणि आता सोबत का? फिरायची हौस की निव्वळ चौकशी?

गाडीत त्यांनी माझी बॅग माझ्याच बाकाला साखळीनं बांधली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. कोकणातल्या खोलीत त्यांनी आपली खाट ओढून दाराला आडवी लावली. "वारा येते इकडून," म्हणाले. वारा खिडकीतून येत होता.

शिकवणारी बाई पस्तिशीची होती, प्राजक्ता नावाची. घरी मासेमारी, तिनं फळी धरली. लांजेवार किनाऱ्यावर आले ते पूर्ण पँटमध्ये, डोक्याला नागपुरी उन्हात बांधतात तसा पांढरा दुपट्टा गुंडाळून. फक्त डोळे दिसत होते, आणि तेही बारीक केलेले.

"प्रायव्हेट म्हनून राह्यली ही," ते माझ्या कानात म्हणाले. "प्रायव्हेट म्हन्जे आपल्या धंतोलीतले दवाखाने. एकदा आत गेला का फाइल बनते."

प्राजक्तानं सांगितलं, आधी वाळूवर शिकायचं. मग बोलता बोलता ती आमच्या मागे गेली आणि तिनं मला हलकेच पुढे ढकललं. माझा डावा पाय पुढे पडला. मग लांजेवारांना ढकललं. त्यांचा उजवा पडला, आणि ते गर्रकन वळले.

"ढकललं काहून वं?"

"कुठला पाय पुढे येतो ते बघायला, काका. आधी सांगितलं तर माणूस विचार करतो आणि चुकीचा पाय टाकतो."

"मंग विचाराचं. मागून धक्का देनाऱ्याले आमच्याकडे पोलिसात देते."

"हे 'वं' म्हणजे काय हो?"

"मायेनं म्हन्ते. ते राहू दे. हे फळी कोनाची? याच्यावरून कोनी बुडलं आहे काय?"

मी पालथा पडून वाळूतच हात मारले, उठायचा सराव केला. छाती उचलायची, पाय खाली ओढायचे, उभं राहायचं. बासष्टाव्या वर्षी हे तीन क्रियापदांचं वाक्य फार लांब वाटतं. लांजेवारही शेजारी पालथे पडले होते. उठायच्या ऐवजी त्यांनी फळीखाली हात घालून काहीतरी शोधलं. नंबर नव्हता. त्यांचा चेहरा पडला.

मग प्राजक्तानं फळीची दोरी माझ्या मागच्या पायाला बांधली. म्हणजे घोट्याभोवती पट्टा गुंडाळून त्याची चिकटपट्टी दाबली. लांजेवार वाकून पाहत होते.

"हे तं लेकराच्या बुटाची पट्टी आहे! याच्यावर मानूस सोडतं?"

त्यांनी खिशातून सुतळी काढली. पोती शिवायची, वाडीची. पट्ट्यावरून दोन वेढे देऊन त्यांनी गाठ मारायला घेतली. प्राजक्तानं त्यांचा हात धरला.

"काका, नको. ही सुटली पाहिजे."

"सुटली पाहिजे?"

"कुठे अडकली, तर माणसाला स्वतःला सोडता आली पाहिजे. नाहीतर दोरीच बुडवते."

एक लाट येऊन फुटली, दुसरी आली. शेवटी त्यांनी सुतळी सोडवून खिशात घातली. मग माझ्या घोट्याशी बसून दोरीला तीन हिसके दिले. तिसऱ्याला मी पडता पडता वाचलो.

पाण्यात मात्र ते ऐकेनात. शिकवणी माझी होती, फळी प्राजक्ता धरून होती, आणि लांजेवार आमच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, छातीभर पाण्यात हात पसरून उभे. गायीची वाट अडवावी तसे. येणारी प्रत्येक लाट आधी त्यांच्या तोंडावर फुटायची, दुपट्टा सुटायचा, ते तो पुन्हा बांधायचे.

"काका, बाजूला व्हा! लाट मोडताय तुम्ही!"

"मी इथंच राहीन. लाटीले जायचं असन तं बाजूनं जाऊ दे."

मी पडत होतो. गुडघ्यावर आलो की पडायचो, एक पाय टाकला की पडायचो. सातव्यांदा की आठव्यांदा पडलो तेव्हा पाण्याखाली जरा जास्त गेलो. खाली हिरवट उजेड होता आणि आवाज नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा कुठलाच आवाज नव्हता. रिकाम्या घराला एक आवाज असतो, तोही नाही. मला वर यायची घाई वाटली नाही. एवढंच. त्याहून जास्त मी स्वतःबद्दल इथे लिहू शकत नाही, कारण त्याहून जास्त मला माहीत नाही.

घोट्याला हिसका बसला. मग दुसरा. मग तिसरा.

लांजेवारांनी दोरी धरून मला मासा ओढावा तसं ओढलं. मी वर आलो, खोकलो. दुपट्टा वाहून गेला होता. त्यांचं टक्कल, ओल्या मिशा, सगळं त्या दिवशी पहिल्यांदाच उघडं दिसत होतं. माझे दोन्ही दंड धरून ते ओरडले, "काहून?"

प्राजक्ताला वाटलं ते तिला विचारतायत. ती म्हणाली, "पडला की होतं असं, काका." पण ते मला विचारत होते.

आम्ही वाळूत येऊन बसलो. प्राजक्ता पाण्याच्या बाटल्या आणायला गेली. लांजेवार समुद्राकडे पाठ करून बसले.

"आमचं गाव खापा," ते म्हणाले. "कन्हान नदीवर. लहानपनी दादानंच मले पाठीले भोपळा बांधून पोहाले शिकवलं. पट्टीचा पोहनारा होता, सर. वहिनी गेली अन् तो गप्प झाला. एक दिवस त्यानं आपली सायकल मले दिली. म्हने, तुले घे. मी खूश. मंग म्हने, नदीवर जाऊन येतो."

ते पँटच्या खिशातून ओली सुतळी काढून बोटाला गुंडाळू लागले.

"मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. सायकल पुसून राह्यलो होतो मी. फक्त 'काहून' विचाराचं होतं. सायकल काहून देऊन राह्यला? नदीवर काहून जाऊन राह्यला? नाही विचारलं."

मला माझी सहा खोकी आठवली. पेपर, किल्ली, तुळस. त्यांनी ट्रककडे पाहावं तसं कुंडीकडे का पाहिलं, ते कळलं. माझं सील शाबूत आहे की नाही, हे ते ओढून पाहत होते. वर्षभर, रोज सकाळी सातला.

मी म्हणालो, "लांजेवार, मला अजून एकदा उभं राहायचंय. विजयाची अट आहे."

"काहून नाही," ते म्हणाले. हा 'काहून' मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच असा ऐकला.

या वेळी ते प्राजक्ताच्या शेजारी, किनाऱ्याच्या बाजूला उभे राहिले. तिनं लाट निवडली, फळी ढकलली. छाती उचलली, पाय ओढले. मी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. विजयानं वर्गात "भरती म्हणजे" एवढं म्हणावं, इतका वेळ. मग पडलो, पण लगेच वर आलो.

प्राजक्ता टाळ्या वाजवत होती. लांजेवार डोळे चोळत होते.

"पाहिलंत?"

"डोयात पानी गेलं होतं माह्या. मले नाही दिसलं. मले डाउट आहे, सर. पुन्हा उभे राहा."

त्या दिवशी मी तीनदा उभा राहिलो. पहिलं विजयासाठी. उरलेली दोन लांजेवारांच्या हिशोबानं.

नागपूरला परतून आता काही महिने झाले. तुळस माझ्या खिडकीत परत आली आहे, जरा जास्त पाणी पिऊन. रोज सकाळी सातला माझ्या कडीला बाहेरून तीन हिसके बसतात. मी आतून तीन हिसके देतो, मग दार उघडतो. लांजेवार खांद्यावरून आत बघतात आणि म्हणतात, "पेपर द्या, सर."

पेपर मी पुन्हा सुरू केला आहे. तोच पेपर त्यांच्याही घरी येतो. दाराच्या फटीतून मला तो त्यांच्या टेबलावर घडी न मोडलेला दिसतो. मग माझा मागतात काहून, ते मी विचारत नाही.