ओंकारकाका आणि टेनिसवाली पोरगी

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी आमच्या जळगाव जामोद तालुक्यातली निम्मी माणसं भेंडवळच्या वाटेला लागतात. तिथे शेतात घट मांडतात, भोवती अठरा धान्यांचं रिंगण करतात आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच कोणतं धान्य कुठे सरकलं ते पाहून यंदा पाऊस किती, पीक किती, राजा टिकतो की जातो, सगळं सांगतात. आमचे शेजारी ओंकारकाका मात्र त्या संध्याकाळी घराबाहेर पडत नाहीत. ते आपल्या अंगणात स्वतःची मांडणी करतात. आणि ती पावसासाठी नसते, टेनिससाठी असते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे भिंतीपलीकडे हे सगळं पाहताना माझ्या जिवाचं काय होत असेल ते कळेल.

भेंडवळला पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळं ठेवतात. काकांची चार ढेकळं म्हणजे पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क आणि मेलबर्न. त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड-कुरडई, सगळं रीतसर. राजासाठी जिथे पानविडा ठेवायचा, तिथे काका टेनिसचा एक पिवळा चेंडू ठेवतात. भोवतीची धान्यं म्हणजे जगभरातल्या खेळाडू. मसूर पोलंडची, वाटाणा अमेरिकेची. करडी झेक, कारण "ती लय टोचते, मॅडम". आणि तांदूळ म्हणजे गवताचं मैदान. ते खेळाडूंच्या रांगेत कसं आलं, हे विचारायचं नाही.

एका वर्षी मांडणीनंतरच्या सकाळी काका रिंगणाशी उकिडवे बसून चिंतेत पडले होते.

"तांदूळ गेले, मॅडम. गवतावर पोरगी हारते यंदा."

"काका, चिमण्यांनी खाल्ले. त्या दर वर्षी खातात."

"मंग? पोरगी बी दरसाल गवतावर हारतेच ना!"



पोरगी म्हणजे रेवा. ती काकांची कोणीही लागत नाही. ती कुठल्या तरी लांबच्या शहरातली, काकांना तिने पाहिलेलं नाही आणि काकांनीही तिला टीव्हीत आणि मोबाइलमध्येच पाहिलंय. काका एसटीत ड्रायव्हर होते. सगळी उमर जळगाव जामोद ते बुलढाणा, घाट चढायचा आणि घाट उतरायचा. निवृत्त झाले, दोन वर्षांनी काकू गेल्या, आणि घरात टीव्हीखेरीज बोलणारं कोणी उरलं नाही. त्या टीव्हीवर एका दुपारी पंधरा वर्षांची रेवा खेळत होती. पहिला सेट शून्य-सहाने हरली होती.

दुसऱ्या दिवशी काका भिंतीवरून डोकावले. "मॅडम, तुमी शिकेल-सवरेल हा. पंधरा, तीस, मंग चाळीस कसं काय? पंधरा-पंधरानं गेलं तं पंचेचाळीस पाह्यजे ना?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"एसटीत असा तिकिटाचा हिशेब लावला असता तं कंडक्टर घरी बसला असता," काका म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पन पोरगी चांगली हाये. मार खाऊन राह्यली होती, पन मैदान सोडून पयाली नाही."

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. टेनिसचं सगळं शास्त्र काकांनी घाटाच्या भाषेत बसवून घेतलं. दुसरी सर्व्हिस म्हणजे दुसरा गिअर. समोरची खेळाडू जाळ्याजवळ आली, की "समोरून ट्रक आला, बाजूनं काढ". आणि रेवा जिंकत असली की काका खूश होण्याऐवजी घाबरायचे. "चढावर कोनाचीबी गाडी हळूच चालते, मॅडम. डायवर कोन हाये ते उतारावर कळते." पाच-एकने पुढे असली की तो उतार. त्या वेळी काकांशी कोणी बोलायचं नाही.

बहुतेक सामने टीव्हीवर दाखवतच नसत. मग मोबाइलवर नुसते आकडे बदलताना पाहायचे. काकांच्या ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात रेंज येते, तिथे ते उशी टाकून बसायचे आणि आकड्यांकडे पाहून सामन्याचं वर्णन करायचे. "हा पॉइंट तिनं घाईत घालवला." मी म्हणायचे, काका, तुम्हाला दिसलं कुठे? तर म्हणायचे, "पंधराचे तीस लवकर झाले ना! घाईच झाली मंग." आता यात चूक काढून दाखवा. मला तरी जमलं नाही.

रेवा वर जाऊ लागली. सोळाव्या वर्षी परदेशात जिंकली, सतराव्या वर्षी मोठ्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत पोचली. काका किराणा दुकानात सांगून आले, "आपली पोरगी तिसऱ्या राउंडात गेली!" दुकानदाराला वाटलं नात पोलीस भरतीत धावतेय. त्याने काकांना पाव किलो पेढे दिले, आणि काकांनीही ते बिनदिक्कत घेतले. चार मला आणून दिले. मी खाल्ले. त्या आठवड्यात मलासुद्धा आकडे पाहायची सवय लागली होती, हे आता लपवून काय करू?

आणि मग रेवाचं मनगट गेलं. एका सामन्यात रॅकेट हातातून सुटली, ती तिला उचलताच आली नाही. ऑपरेशन झालं. सहा महिने म्हणत होते, त्याचं वर्ष झालं, वर्षाचं दीड वर्ष. लोक तिला विसरायला लागले. वर्तमानपत्राने तर एकदा ती "माजी खेळाडू" असल्याचं छापलं. एकोणीस वर्षांची माजी! काकांनी तो पेपरच बंद केला.

एक दिवस मोबाइल घेऊन आले. रेवाने पट्टी बांधलेल्या हाताचा फोटो टाकला होता. "लिवा," काका म्हणाले, "बेटा, निरगुडीचा पाला गरम करून बांध. घाई करू नोको. गाडी उभी हाये. तू ये."

"गाडी कशाला मध्येच?"

"लिवा ना तुमी."

मी लिहिलं. शेकडो लोकांच्या प्रतिक्रियांखाली ते गेलं. तासाभरात त्यावर पाच-सहा टवाळखोर जमले. कोणती गाडी काका, लाल डबा का? स्टेपनी आहे का? काकांनी विचारलं, "काय म्हनतेत मानसं?" मी म्हटलं, आशीर्वाद देतायत. मग मात्र मला राहवलं नाही. "पण काका, गाडीचं का लिहायला लावलं?"

काका ओट्यावर बसले. बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"आमची नंदी," ते म्हणाले. नंदा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, अकोल्याला दिलेली. "खो-खो खेये. अशी हूल द्याची का पकडनारी भिंतीवर जाऊन आपटे. सोया-सतरा वर्षाची होती. बुलढान्याले जिल्ह्याची निवड होती, सकायी दहाले. सहाची गाडी माह्याकडंच होती. इस्टँडवर आली अन् तिले आठोलं, जन्माचा दाखला घरीच राह्यला. गेली धावत आनायले. मी म्हनलं, सहाच्या आत ये."

"आणि?"

"सहा वाजले. कंडक्टरनं घंटी देली. गाडी फाटकाबाहेर काढली अन् आरशात पाह्यलं, तं नंदी धावून राह्यली, हातात दाखला. मले दिसली, मॅडम. साफ दिसली." काकांनी चष्मा घातला आणि पुन्हा काढला. "गाडीत पन्नास मानसं. म्हनतीन, पोरीसाठी गाडी थांबवली. लोकाइच्या पोराइसाठी नाही थांबवत अन् सोताच्या पोरीसाठी थांबवते. नेली गाडी."

नंदा पुढच्या गाडीने गेली. पोचली तोवर निवड उरकली होती. त्यानंतर ती मैदानावर गेलीच नाही. पुढे बारावी, मग लग्न.

"घरी आल्यावर मी तिले सांगतलं, आरशावर धूळ होती, तू दिसलीच नाही मले. नंदी बी 'हाव, नसंन दिसलं' म्हने. तेवीस वर्सं झाली. धूळच सांगून राह्यलो."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. त्या काळचे नियम, त्यांची नोकरी, असलं काही. पण काकांना समजूत नको होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला होता. बाप होता ना तो! एक मिनिट थांबला असता तर एसटी काही बुडाली नसती. मी तसं बोलले नाही. त्यांनी ते स्वतःला माझ्याहून जास्त वेळा सुनावलं असणार, हे समोर दिसत होतं.

या मे महिन्यात रेवा परत आली. कुठल्याशा लहान स्पर्धेत, पात्रता फेरीत, जिथे पाहायला पन्नास माणसंही नसतात. दोन दिवस आधी तिने सांगून टाकलं होतं, हा शेवटचा प्रयत्न. मनगटाने साथ दिली तर खेळेन, नाहीतर थांबेन. काका दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. योगायोगाने नंदा सुट्टीत माहेरी आली होती. चाळिशीला टेकलेली, हसरी, बापाची टिंगल करायला एका पायावर तयार. दुपारी आम्ही तिघं ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात. काका बाजेवर, आम्ही दोघी खाली चटईवर. नंदा सुपात तूर निवडत होती.

"बाबा, माह्या दहावीच्या निकालाले तुमी एवढे भेले नव्हते!"

"चूप बैस. उतार लागला."

पहिला सेट रेवाने सहा-चार घेतला. दुसरा गेला. तिसऱ्यात चार-चार झाले, आणि मी विज्ञानाची शिक्षिका असूनही मनातल्या मनात आमच्या भागातल्या मोठ्या देवीला नारळ बोलून बसले. मग आकडे थांबले. काकांनी मोबाइल हलवला, रेंजसाठी हात उंच धरला. पाच मिनिटांनी आकड्यांशेजारी इंग्रजीत एक शब्द उमटला. नंदाने वाचला आणि हळूच म्हणाली, "सोडली बाबा तिनं. हात दुखला असंन."

तास-दीड तासाने रेवाचा फोटो आला, मनगटावर बर्फाची पिशवी. खाली दोन ओळी. मी वाचून दाखवल्या. "मी थांबते आहे. ज्यांनी माझी इतकी वाट पाहिली, त्यांची माफी मागते."

"ते काऊन माफी मागून राह्यली?" काका एकदम ताठ झाले. "तिनं काय केलं? नंदे, लिव. मॅडमले नोको सांगू, तू लिव."

नंदाने तुरीचं सूप बाजूला ठेवून मोबाइल घेतला.

"बेटा, तू माफी नोको मागू. तू तं धावून राह्यली होती. जेवढी ताकत होती तेवढी धावली." नंदा लिहीत होती. "माफी धावनाऱ्यानं नाही मागा लागत. माफी गाडीवाल्यानं मागा लागते. लिवलं?"

"हाव."

काकांची नजर समोरच्या भिंतीवर होती. "आरशावर धूळ नव्हती, बेटा. काच साफ होती. दिसून राह्यली होती तू मले. थांबा लागत होतं. मी नाही थांबलो."

नंदाचा अंगठा थांबला होता. कुठल्या शब्दापाशी, ते मला पाहवलं नाही. मी तुरीतले खडे वेचू लागले, तेही सगळे वेचून झालेले होते.

"लिवलं?" काकांनी पुन्हा विचारलं.

नंदाने मोबाइल चटईवर पालथा ठेवला.

"आरशाचं मले मालूम नाही, बाबा," ती म्हणाली. "पन गाडीच्या मांगची लाल लाइट एक डाव लागल्ती. ब्रेकची. म्हनून तं मी पार गावाबाहेरच्या पान्याच्या टाकीपावतर धावली."

काकांनी मान वर केली नाही. नंदा उठून त्यांच्या बाजेवर जाऊन बसली, आणि मी माझ्या चपला शोधायला लागले.