पात्याची धार आणि बाथरूमचं दार

हेडक्लार्कांनी बुधवारी सकाळी एवढंच ठरवलं होतं की बाथरूमचं दार खालून दोन कागदांइतकं तासायचं. दोन कागद म्हणजे काय हो, शर्टाच्या खिशात मावेल एवढं काम! पण रिटायर झालेला माणूस छोटं काम हातात घेतो, तेव्हा शहाण्या घराने मोठ्या कामाची तयारी ठेवावी.

दार फरशीला घासायचं आणि उघडताना कुणाची तरी शेपटी चिरडल्यासारखं किंचाळायचं. बायको म्हणाली, "रविवारी विहीणबाई येताहेत. पहिल्यांदाच, आणि तीन दिवस राहायला. हे दार त्यांच्या अंगावर ओरडलं ना, तर लेकीला जन्मभर ऐकावं लागेल. सुताराला बोलवा."

"सुतार कशाला? मी आहे की!"

"म्हणूनच म्हणते, सुताराला बोलवा."

हेडक्लार्कांनी बिजागऱ्या सोडवायला घेतल्या. वरच्या बिजागरीचे स्क्रू तर नुसत्या बोटांनी बाहेर आले. (हे त्यांनी आपल्या मनगटाचं कसब मानलं. मानणाऱ्याचं तोंड कोण धरणार?) दार काढून दिवाणखान्यात दोन खुर्च्यांवर आडवं घातलं आणि त्यावर ऐटीत रंधा फिरवला. लाकडाची साल निघाली नाही. दाराला गुदगुल्या झाल्या असतील तेवढ्याच.

"पातं बोथट झालंय," हेडक्लार्क म्हणाले. "आधी धार. मग दार."

इथेच घोड्याने पेंड खाल्ली.

हेडक्लार्कांना रिटायर झाल्यावर सुतारकामाचं वेड लागलं होतं, आणि वेड एकट्याने परवडत नाही म्हणून त्यांनी दोन भागीदार गाठले होते: दातांचे डॉक्टर आणि भूमितीचे मास्तर. तिघांनी मिळून चार वर्षांत एक स्टूल केलं होतं. त्याला तीनच पाय आहेत. ते मुद्दाम, असं तिघंही सांगतात.

डॉक्टर दगडावर तेल सोडून धार लावायचे, आणि पात्याचा कोन पंचवीस अंशांचा. मास्तर पाणी शिंपडून, आणि कोन तीस अंशांचा. तेल आणि पाणी एक होत नाही हे मास्तरांनी शाळेत मुलांना शिकवलं नसेल एवढं डॉक्टरांशी भांडून सिद्ध केलं होतं. (भूमिती आमच्याही हातून गेली होती, पण आम्ही तिला परत बोलावलं नाही.)

आता शहाण्याने एकाकडे जावं. पण हेडक्लार्कांनी बत्तीस वर्षं नोकरीत कुणाचं मन दुखवलं नव्हतं. कुठलाही कागद असो, तो सगळ्या टेबलांवरून फिरवायचा, ही त्यांची रीत. तेव्हा पातंही फिरलं.

गुरुवारी डॉक्टरांनी त्याला तेल पाजलं. शुक्रवारी मास्तरांनी ते नाकाशी धरलं.

"कुणी केलं हे?"

"का हो?"

"पंचवीस अंश! ही काय धार आहे? ही कागद फाडायची पट्टी!" असं म्हणून मास्तरांनी सगळं घासून काढलं, नवा कोन दिला आणि डॉक्टरांच्या तेलाला पाणी पाजलं, दोन्ही अर्थांनी. संध्याकाळी डॉक्टरांनी ते पाहिलं, कुणाच्या किडक्या दाढेकडे पाहावं तसं पाहिलं, आणि परत तेलाची बाटली उघडली.

धार आली का हे बघायची यांची एक परीक्षा असते. पातं हातावरून हलकेच फिरवायचं, केस निघाले तर पास. शुक्रवारपर्यंत तिघांचे डावे हात उकडलेल्या बटाट्यासारखे गुळगुळीत झाले. दाराचा मात्र अजून एक कणही निघाला नव्हता.

बायकोने बाथरूमला चादर टांगली आणि नियम केला: आत जो असेल त्याने गात राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळेल. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क आत गेले आणि त्यांनी सूर लावला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच बाहेरून आवाज आला, "अहो, तुम्ही गाऊ नका. एखादा चुकून आत आला तरी परवडेल."

शनिवारी सकाळी बायकोने हात टेकले. "उद्या अकराला त्या येणार. मला आज दार हवंय. कळलं?"

"आज नक्की," हेडक्लार्क म्हणाले आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावायला दोघांनाही घरी बोलावलं. दोघं आपापला दगड घेऊन आले. दगड ठेवायला सपाट जागा हवी. घरात त्या मापाची सपाट जागा एकच होती. डॉक्टरांनी दाराच्या कडीकडची बाजू घेतली, मास्तरांनी बिजागरीकडची. मधे तेलाचा ओघळ आणि पाण्याचं तळं. ज्याला तासायचं तेच टेबल झालं.

"डॉक्टर, हत्याराला धार लावताय की मालिश करताय?"

"मास्तर, तुम्ही धार लावताय की भांडी घासताय?"

पात्यानंतर पटाश्यांची, म्हणजे लाकूड कोरायच्या छिन्न्यांची, पाळी आली. प्रत्येक पटाशीचा अर्धा भाग डॉक्टरांच्या कोनात, अर्धा मास्तरांच्या. मधे उंटासारखी मदार. मग कात्री. मग स्वयंपाकघरातल्या सुऱ्या. आपण मागे राहायला नको म्हणून हेडक्लार्कांनीही खोक्यात हात घातला आणि हाताला लागलं ते घासायला घेतलं. तो स्क्रू ड्रायव्हर होता. तासभर घासला. थोडं तेल, थोडं पाणी, कुणाचं मन दुखवायला नको.

संध्याकाळी पातं रंध्यात बसवलं. रंधा दारावर फिरला. काहीच नाही. उलटा करून पाहतात तर पातं झिजून इतकं आखूड झालेलं, की रंध्यातून तोंड बाहेर काढायलाही तयार नाही!

"धार मात्र बघा," डॉक्टर म्हणाले.

"तीस अंश," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून बोटाला चिंधी गुंडाळत बाहेर आली. दोघांनी दगड काखेत मारले आणि पोबारा केला.

रविवारी तिने स्वतः सुताराला फोन केला. तो सुट्टीच्या दिवशी यायला कुरकुरला. "दादा, नुसते हात घेऊन या," ती म्हणाली. "हत्यारांनी घर भरलंय." सुतार अकराला पाच कमी असताना पायरीवर, आणि त्याच्या मागोमाग विहीणबाई. पाच तास बसचा प्रवास करून आलेल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"बाथरूम कुठे हो?"

हेडक्लार्कांनी चादरीची सुरकुती सारखी केली.

"हे काय, समोरच," बायको कशीबशी म्हणाली. "फक्त, विहीणबाई... तुम्हाला गाता येतं का?"

विहीणबाईंनी आधी चादरीकडे पाहिलं, मग तेलपाण्याने न्हालेल्या दाराकडे, मग हेडक्लार्कांच्या गुळगुळीत हाताकडे. लेकीच्या संसाराचं आता कसं, या विचाराने बायकोच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी थांबते," विहीणबाई ओठ घट्ट मिटून म्हणाल्या. "पण फार नाही."

सुताराने चौकटीला बोट लावलं. "साहेब, दार तासायचं कशाला? वरच्या बिजागरीची भोकं सैल झालीत. दार लोंबायचं म्हणून घासायचं." त्याने काडेपेटीतल्या काड्या डिंकात बुडवून भोकांत ठोकल्या, दार उभं केलं आणि हात मागे केला. "स्क्रू ड्रायव्हर."

हेडक्लार्कांनी तो दोन्ही हातांवर ठेवून दिला, तलवार द्यावी तसा. सुताराने स्क्रूच्या खाचेत घातला, फिरवला. सर्रकन् निसटला. पुन्हा घातला. पुन्हा निसटला आणि चौकटीचा एक सुबक तुकडा उडवून गेला.

"याला धार कुणी लावली?"

विहीणबाईंनी पायावरचा भार बदलला.

"सुरी द्या. नको, ती पण तसलीच दिसतेय." सुतार घायकुतीला आला. "वहिनी, या घरात बोथट असं काही उरलंय का?"

बायकोने हेडक्लार्कांकडे बोट दाखवलं.

सुताराने त्यांना खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "तसं नव्हे, वहिनी. खाचेत मावेल असं पाहिजे."

आणि विहीणबाई हसल्या! इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली. "अहो, हसवू नका, हसवू नका," म्हणत त्यांनीच पर्समधून एक जाडसं नाणं काढून सुताराच्या हातात कोंबलं. "आमच्या घरीही असलंच एक आहे. ते सायकली दुरुस्त करतं. फिरवा लवकर!"

नाणं फिरलं, स्क्रू बसले, दार मिटलं. आतून कडी लागली आणि बायकोने चार दिवसांनी श्वास सोडला. दाराने हूं की चूं केलं नाही.

निघताना सुतार दाराशी घुटमळला. "साहेब, तो स्क्रू ड्रायव्हर मी नेऊ का?"

हेडक्लार्कांची छाती दोन इंच फुगली. चार दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी जाणकार भेटला होता. "न्या की! धार आवडली ना?"

"झकास आहे," सुतार म्हणाला. "तुमच्या सगळ्या हत्यारांत पटाशी म्हणून चालेल असं हे एवढं एकच आहे."