पठारावरचे आप्पा हवालदार

आप्पा हवालदार ढगांनाही दरडावत. "हटा की रं! इमान उतरायचंय!" असं पठाराच्या कडेला उभं राहून ओरडताना मी त्यांना स्वतः पाहिलं आहे. ढग हटले तर श्रेय आप्पांचं, नाही हटले तर ढगांना शिस्त नाही.

लढाईच्या दिवसांत साताऱ्याजवळच्या आमच्या डोंगरमाथ्यावर सरकारनं विमानतळ केला. म्हणजे काय, तर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, कडेला चुन्यानं रंगवलेले दगड आणि वारा दाखवायला खांबावर एक कापडी पिशवी. राखणीला पेन्शनीतले आप्पा. मी खालच्या गावचा मास्तर, रविवारी त्यांच्याकडे चहाला जाई.

दोन वर्षांत तिथं एकही विमान उतरलं नव्हतं. तरी धावपट्टीवर म्हैस दिसली की आप्पा "मैदान किलेर!" म्हणून आरोळी ठोकत. गावच्या बायकांना तिथं कुरडयासुद्धा रांगेत वाळत घालाव्या लागत. पिशवी फाटली, तेव्हा वारलेल्या बायकोच्या हिरव्या लुगड्याची त्यांनी नवी शिवली. "लय लांबनं दिसती," म्हणाले.

त्यांचा मुलगा सदू लढाईवर विमानांचा मेस्त्री होता. 'सुट्टी मिळाली की आपल्याच पठारावर उतरतो,' हे त्याचं शेवटचं पत्र मीच वाचून दाखवलं. मग सदूचा ठावठिकाणा लागत नाही, असा सरकारी कागद आला. तोही मीच वाचला. "म्हंजी वाटंत आसंल," आप्पा म्हणाले आणि चुन्याची बादली घेऊन उठले.

रोज सकाळी ते एक ताजी भाकरी फडक्यात बांधून खुंटीला लावत. मला नुसता चहा. एकदा मागितली, तर म्हणाले, "ती ड्युटीवर हाय." म्हातारा चिक्कू आहे, अशी मी मनाशी नोंद केली.

एका रविवारी खरंच घरघर ऐकू आली. इंजिन बिघडलेलं एक छोटं विमान धडपडत उतरलं. आतून एक कोवळा गोरा वैमानिक बाहेर आला. आप्पांनी सलाम ठोकला आणि मग खुंटीवरचं फडकं आणून भाकरीचा तुकडा मोडला. लांबून घरी आलेल्यावरून ओवाळतात तसा साहेबावरून ओवाळला, बाजूला टाकला आणि त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं. साहेब गोंधळून उभा.

मला हसू आलं. "आप्पा, हे बायकांचं काम!"

"घरात बाई कुठं हाय, मास्तर?" ते म्हणाले. त्यांची नजर साहेबाच्या मागे, विमानाकडे होती. "इचारा की त्यास्नी, आत आनि कोन हाय का?"

विमानात एकाच माणसाची जागा होती. मला ती दिसत होती, तरी मी इंग्रजीत विचारलं. साहेब म्हणाला, नाही.

"काय म्हनला?"

"अजून पुष्कळ विमानं यायचीत, म्हणतो."

आप्पांनी मान हलवली आणि उरलेली भाकरी पुन्हा फडक्यात बांधली.