तीन नंबरच्या भट्टीचा तांबडा चौकोन

चाळीस वर्षांत एकाही तपासनिसाला मी नको ते दाखवलेलं नाही! पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन विचारा, परसूअण्णा कोण म्हणून. जुन्या काळी पॅनेलवर तांबडा दिवा लागला की मी त्यावर हिरव्या बाटलीची काच बसवायचो. एकदा काच सापडेना, तर तपासनिसालाच हिरवा गॉगल घातला. म्हटलं, साहेब, भट्टीच्या उजेडानं डोळे जातात. त्यानं कारखाना तर पास केलाच, वर कॅन्टीनची तांबडी चटणी पुदिन्याची समजून तीन वाट्या खाल्ली.

तर असा मी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण रोज चामराजपेटेतल्या घरून डबा घेऊन कृष्णमूर्तींच्या कारखान्यात जातो. 'उद्यापासून येऊ नका' म्हणायला त्यांना अजून सवड मिळालेली नाही. गिअर भट्टीत तापवून कडक करून देणं हा आमचा धंदा. भट्ट्या चार. त्यांचं तापमान पूर्वी मी फळ्यावर खडूनं लिहायचो. आता फळ्याच्या जागी दारात कपाटाएवढी स्क्रीन आहे. भट्टी ठीक असली की तिचा चौकोन हिरवा, तापमान हललं की तांबडा. खाली बारीक अक्षरांची एक पट्टी सरकत असते. ती मी कधी वाचली नाही. चष्मा डब्याच्या पिशवीत असतो.

ही स्क्रीन केली प्रणितानं. पोरगी निपाणीची, सॉफ्टवेअरवाली, माझ्याशी मराठीत बोलते म्हणून माझी लाडकी.

त्या बुधवारी दहा वाजता एका मोठ्या गिरणीयंत्रवाल्या कंपनीचा तपासनीस यायचा होता. त्यानं पसंत केलं तर तीन वर्षांचं काम. नाही केलं तर दुसरी पाळी बंद. दुसऱ्या पाळीत चौदा माणसं, आणि चौदाही मी भरती केलेली. आणि नेमकं तीन नंबरच्या भट्टीच्या दाराचं सील गेलेलं! नवं सील गुरुवारी येणार होतं. तांबडा चौकोन असा पेटलेला, जणू भट्टीच स्क्रीनमध्ये येऊन बसलीय.

कृष्णमूर्ती म्हणाले, आहे ते दाखवू आणि सील उद्या येतंय म्हणून सांगू. मी मनात म्हटलं, या माणसाला कारखाना चालवायला कुणी दिला?

सकाळी आठला मी स्क्रीनपुढे बसलो. तापमान दहा अंशांहून जास्त हललं की तांबडं, असं लिहिलेलं. मी दहाचे साठ केले. चौकोन पोपटासारखा हिरवा! खुशीत कॉफी पिऊन आलो.

तांबडा.

कुणीतरी बदललं. पुन्हा साठ केले, हिरवा. पाठ वळवली, तांबडा! मग भट्टीवरच्या मंजुनाथला स्टूल देऊन पहाऱ्याला बसवलं. मी बाहेर जाऊन आलो, तर तो भिंतीला चिकटलेला.

"कोणी आलं नाही अण्णा," तो म्हणाला. "आपोआप झालं. मी स्वल्प लांबच बसतो."

मी लिंबू-मिरची बांधली. तिच्या साक्षीनं तांबडा झाला. नऊपर्यंत मी अकरा वेळा बदललं, आणि दर वेळी जास्तीत जास्त पाच मिनिटं टिकलं. माझ्या छातीत असं धडधडायला लागलं, की मंजुनाथला वाटलं कॉम्प्रेसर सुरू झाला.

शेवटी प्रणिताला फोन लावला. ती यशवंतपूरच्या सिग्नलला अडकलेली. तिनं सांगितलं ते असं: स्क्रीनवरचा प्रत्येक चौकोन, रंग, आकडा एका फाइलीत लिहून ठेवलाय. दर पाच मिनिटांनी यंत्र ती फाइल वाचतं आणि स्क्रीन नव्यानं मांडतं. हातानं केलेलं सगळं पुसलं जातं. बदल करायचा तर फाइलीत करायचा, कारण लिहायचं, आणि दुसऱ्यानं मंजुरी द्यायची.

"फाइल कुठं असते ग?"

"कशाला, अण्णा?"

"ज्ञान. दुसरं काय."

भोळी पोर. सांगितलं तिनं. मी फाइलीत दहाचे साठ केले. 'कारण' म्हणून एक चौकट आली, रिकामी सोडली तर पुढं जाईना. मंजुरी प्रणिताच देणार, तेव्हा तिलाच चार ओळी लिहिल्या: 'बाळ प्रणिता, दहाला तपासनीस येतोय. नाव देवव्रत, म्हणजे बंगाली असणार. रसगुल्ले आणलेत, तोंडात घातले की बघणार नाही. तेवढा वेळ तांबडं हिरवं कर. चौदा जणांची पाळी आहे. तुझा परसूअण्णा.' आणि पाठवून दिलं. आता मंजुरीची वाट.

ती यायच्या आत देवव्रत आला. उंच, गंभीर, सगळ्यांशी इंग्रजीत दोन-दोन शब्द. मी डगमगलो नाही. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं! दहा वाजून पाच मिनिटांनी स्क्रीन नव्यानं मांडली गेली, त्याच क्षणी मी साठ केले आणि त्याला आणायला ऑफिसात धावलो. तर साहेब ताक पीत होते. घोट घोट! मग बुटाची नाडी बांधली. मग आमच्या गणपतीच्या तसबिरीला नमस्कार केला. स्क्रीनपुढे उभे राहिलो तेव्हा दहा वाजून नऊ मिनिटं आणि वर बरेच सेकंद झाले होते.

त्याच्या डोळ्यांदेखत हिरवा गेला आणि तांबडा आला. मी म्हटलं, रसगुल्ला घ्या.

तो खाली वाकून सरकती पट्टी वाचत होता. वाचता वाचता त्याचे ओठ हलायला लागले. मी पिशवीतून चष्मा काढला. पट्टीवर लिहिलं होतं: 'मंजुरी बाकी. बदल सुचवणारा: परसूअण्णा. कारण: बाळ प्रणिता, दहाला तपासनीस येतोय. नाव देवव्रत, म्हणजे बंगाली असणार...'

मंजुरी बाकी असलेला प्रत्येक बदल कारणासकट सगळ्या कामगारांना दिसावा, म्हणून ती पट्टी होती म्हणे!

पट्टी संपेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला, "मी खानापूरचा, अण्णा. आणि मला शुगर आहे."

चौदा जणांची चौदा तोंडं डोळ्यांपुढून सरकली, त्या पट्टीसारखीच.

तेवढ्यात प्रणिता धापा टाकत आली. त्यानं तिच्याकडं सगळ्या बदलांची नोंद मागितली. तिनं उघडून दाखवली. आज सकाळपासून बारा वेळा, वेळेसकट, नावासकट मी! कृष्णमूर्ती माझ्याकडं बघेनात.

"सहा कारखाने बघितले या महिन्यात," देवव्रत त्यांना म्हणाला. "सगळीकडं हिरवंगार. खरं किती, कुणास ठाऊक. तुमच्याकडं हा माणूस सकाळपासून मागं लागलाय, तरी तांबडं ते तांबडंच राहिलं. या स्क्रीनवर माझा विश्वास बसला." मग माझ्याकडं बघून, "स्क्रीनवर म्हणालो मी."

गुरुवारी सील बसलं, शुक्रवारी नमुन्याचे गिअर पास झाले. दुसरी पाळी चालू आहे. मी लबाडी केली नसती तर स्क्रीन खरी आहे हे त्याला कळलं असतं का? पण हे कुणी मानायला तयार नाही. कामाच्या मंजुरीच्या कागदावर देवव्रतनं एकच अट घातली, आणि ती प्रणितानं फाइलीत घातली. आता चारी चौकोनांच्या वर ठळक अक्षरात असतं: 'परसूअण्णांनी स्क्रीनला हात लावू नये.'

मी ती ओळ पुसून बघितली. कॉफी पिऊन आलो, तर होतीच.

म्हणून परवा रीतसर फाइलीत बदल सुचवला, कारण लिहिलं, मंजुरी मागितली. प्रणितानं अजून दिलेली नाही. तोवर खालच्या पट्टीवर सरकत असतं: 'मंजुरी बाकी. बदल सुचवणारा: परसूअण्णा. कारण: रविवारी नातू कारखाना बघायला येतोय. हा कारखाना मीच चालवतो असं त्याला सांगितलंय. तेवढा वेळ ती ओळ काढ.'

नातवाला वाचता येतं, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.