डॉक्टर प्लॉटकिन यांचा बत्तीस दातांचा मासा

“यंदा त्या कार्ट्यांना वाससुद्धा लागणार नाही!” असं जाहीर करून डॉक्टर आयर्विन प्लॉटकिन यांनी न्याहारीच्या टेबलावर मूठ आपटली. मूठ नेमकी आंबट सायीच्या वाटीवर पडली. साय उडून त्यांच्याच चष्म्यावर बसली. समोरच्या खुर्चीत त्यांच्या सासूबाई, मिन्ना झास्लावस्की, बसल्या होत्या. त्यांनी रुमाल पुढे केला. गेली चौदा वर्षं त्या या जावयापुढे रुमालच धरत आल्या होत्या.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं ज्यू मुलांचं हे उन्हाळी शिबिर, कॅम्प शिकमा, मिन्नाबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी उभं केलेलं. यजमान गेले आणि शिबिर जावयाच्या गळ्यात पडलं. की जावई शिबिराच्या गळ्यात पडला? यावर मतभेद होते, पण ते फक्त प्लॉटकिन यांच्या मनात. बाकी सगळ्यांचं एकमत होतं.

प्लॉटकिन मूळचे दातांचे डॉक्टर. दवाखान्यात समोरच्याचं तोंड उघडं असतं, पण त्यात डॉक्टरांचा हात असल्यामुळे त्याला बोलता येत नाही. शिबिरात एकशेचाळीस तोंडं उघडी आणि हात फक्त दोन! सकाळी झेंड्यापाशी रांग लावायची तर निम्मी पोरं अंथरुणात. खोल्यांची तपासणी करायची तर पलंगाखाली सात बेडूक आणि एक अर्धवट खाल्लेलं सँडविच, तेही मागच्या आठवड्यातलं. जेवणानंतरची प्रार्थना गायची तर टेबलं बडवून बडवून कपबशांचे कान तुटायचे. देवाचे आभार मानताहेत की देवावर चाल करून जाताहेत, तेच कळायचं नाही.

पण हे सगळं चालण्यासारखं होतं. न चालण्यासारखी गोष्ट एकच. रंगयुद्ध!

शेवटच्या आठवड्यात शिबिराचे दोन तट पडायचे, निळे आणि पांढरे. मग पळणं, पोहणं, गाणं, दोरखेच, एवढंच काय, टेबल कोण लवकर पुसतं यावरही मारामाऱ्या. पण रंगयुद्धाची खरी गंमत त्याच्या सुरुवातीत. ती कधी आणि कशी होणार हे कुणालाही कळता कामा नये. एकदम काहीतरी अचाट घडलं पाहिजे आणि पोरांनी किंकाळ्या फोडल्या पाहिजेत. मिन्नाबाईंच्या यजमानांनी एका वर्षी चालू पावसात झाडावरून उडी मारली होती म्हणे. प्लॉटकिन यांनी मात्र ओळीने तीन वर्षं माती खाल्ली होती. पहिल्या वर्षी दाढी लावून पाहुणे धर्मगुरू बनून आले, तर पहिलीतल्या पोरानं विचारलं, “डॉक्टर, दाढी उलटी का लावलीत?” दुसऱ्या वर्षी गावातून आगीचा बंब बोलावला, तर पोरं दारात संघांच्या याद्या घेऊन उभी. आणि गेल्या वर्षी दाफ्ना विनोकुर नावाच्या अकरा वर्षांच्या भवानीनं त्यांना सकाळीच गाठलं.

“आज चार वाजता ना, डॉक्टर?”

“चार नाही, साडेचार!” प्लॉटकिन बोलून गेले.

यंदा मिन्नाबाईंनी आठवड्याच्या सुरुवातीलाच सुनावलं होतं. “आयर्विन, यंदाही पोरांनी ओळखलं, तर पुढच्या उन्हाळ्यापासून शिबिर झेव बघेल. तू तुझे दात बघ.”

झेव म्हणजे पोहण्याचा शिक्षक. खांदे दाराएवढे, बोलणं अर्ध्या वाक्याचं. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. प्लॉटकिन त्याला पाण्यातला रेडा म्हणायचे, अर्थात तो पाण्यात असताना आणि स्वतः काठावर असताना. कारण शिबिराच्या या प्रमुखांना पोहता येत नव्हतं! चार उन्हाळे त्यांनी ‘कानाचं दुखणं’ या सबबीवर कोरडे काढले होते.

तर यंदा प्लॉटकिन यांनी गुप्ततेचा कडेकोट बंदोबस्त केला. बायकोलाही सांगितलं नाही. पण पोरं? त्यांना त्या आठवड्यात जिकडेतिकडे रंगयुद्धच दिसत होतं. सोमवारी मुदपाकखान्यात सूपचं पातेलं कलंडलं. पोरं बाकांवर चढली, “रंगयुद्ध! रंगयुद्ध!” मंगळवारी घंटेचा दोर तुटला. पुन्हा तेच. बुधवारी मिन्नाबाई शिंकल्या, तर चाळीस पोरं उठून नाचायला लागली!

प्लॉटकिन यांचं डोकं सटकलं. संध्याकाळी झेंड्यापाशी त्यांनी शिट्टी फुंकून फुंकून लाल केली. शिट्टी नव्हे, तोंड.

“खबरदार! यापुढे जो तो शब्द उच्चारेल, तो सकाळी दुधाची पातेली घासेल आणि संध्याकाळी मटणाची! काहीही दिसो, काहीही ऐकू येवो, तिकडे बघायचं नाही! आपापलं काम करायचं! मी स्वतः समोर उभा राहून सांगेपर्यंत काहीही घडलेलं नाही, समजलं?”

“शिक्षकांनीपण?” झेवनं विचारलं.

“शिक्षकांनी तर मुळीच नाही!”

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो असा.

योजना मात्र खरोखर झकास होती, हे मान्य केलं पाहिजे. देवाचा शब्द मोडून पळालेला योना, आणि त्याला गिळून तीन दिवसांनी काठावर ओकून टाकणारा मोठा मासा, ही गोष्ट शिबिरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. प्लॉटकिन तळ्यातून मासा आणणार होते! तळ्याच्या पलीकडच्या काठाला, जुन्या शेडमागे, त्यांनी तीन दुपारी खपून एका पुराण्या होडीवर फळ्या ठोकल्या, वर करडी ताडपत्री ताणली, शेपटी लावली, डोळ्यांना दोन झाकणं बसवली. आणि दात! दात करताना त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला. सुळे वेगळे, दाढा वेगळ्या, मोजून बत्तीस. एका दाढेत तर चांदीसुद्धा भरली होती. माशाला बत्तीस दात नसतात, हे त्यांना सांगणार कोण? पोहण्याच्या तासाला मासा काठाशी येणार, आतली दोरी ओढली की जबडा उघडणार, आणि आतून योना, म्हणजे अंघोळीचा झगा घातलेले प्लॉटकिन, दोन्ही हातांनी निळी आणि पांढरी पूड उधळत अवतरणार. पोरं बेशुद्ध! सासूबाई गार! झेव पाण्यात!

गुरुवारी जेवणात शेवयांचा गोड कुगेल होता. प्लॉटकिन यांनी दोन घास खाऊन घड्याळ पाहिलं.

“मला फिलाडेल्फियाला जावं लागतंय. एका पेशंटची दाढ ठणकतेय.”

“आजच?” दाफ्नानं डोळे बारीक केले.

“दाढ काय वार बघून ठणकते?”

“आणि बॅगेत झगा कशाला?”

“ती... ती दाढ फार मोठी आहे!” म्हणत प्लॉटकिन गाडीत बसले आणि धूळ उडवत निघाले.

मागच्या रस्त्यानं वळसा घालून त्यांनी शेड गाठली, झगा चढवला, कापसाची दाढी लावली, पुडीची दोन पोती उराशी घेतली आणि माशात शिरून फळी ओढून घेतली. आत मिट्ट काळोख. शिवाय पेंगळून टाकणारा उकाडा आणि डिंकाचा वास. बघायला एक भोक ठेवलं होतं, पण ते होडीत उताणं पडल्यावर बरोबर आकाशाकडे होतं! माशाला डोळे दोन, पण दोन्ही देखाव्याचे. तरी प्लॉटकिन यांनी हिंमत धरली, वल्हं बाहेर काढलं आणि मारलं. वल्हं एकच होतं. एका वल्ह्यानं होडी कुठे जाते, हे ज्याला पोहता येत नाही त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ती गोल फिरते.

इकडे काठावर पोहण्याचा तास रंगात आला होता. तेवढ्यात तळ्याच्या वळणावरून, वाऱ्यानं ढकललेलं एक करडं धूड गोल गोल गिरक्या घेत बाहेर आलं. दर गिरकीला बत्तीस दात काठाकडे बघून हसायचे आणि मग पाठ फिरवायचे.

एका लहानग्यानं तोंड उघडलं, “रं—”

दाफ्नानं त्याच्या तोंडावर हात दाबला. “गप! पातेली घासायचीत का? सापळा आहे! कुणी बघू नका!”

आणि एकशेचाळीस पोरांनी पाठ फिरवली, झेवनं डोळे मिटले. पोहणारी पोहत राहिली, दोऱ्यांच्या पट्ट्या विणणारी विणत राहिली. शिबिराच्या इतिहासात प्रमुखाची आज्ञा सगळ्यांनी पाळल्याची ही पहिलीच वेळ!

माशाच्या पोटात मात्र पाठीखाली काहीतरी गार लागलं. प्लॉटकिन यांनी चाचपलं. पाणी! पुराण्या होडीला पुराणी फट होती, आणि तीन दिवस हातोडा चालवून त्यांनी ती चांगली ऐसपैस केली होती. घाईघाईनं जबड्याची दोरी ओढली. दोरी हातात आली, जबडा जागेवर. फळी ढकलली, तर ती फुगून घट्ट बसलेली. पुडीची पोती फुटली. डावीकडून निळी, उजवीकडून पांढरी. नाकात गेली, दाढीत गेली.

“वाचवा!” प्लॉटकिन ओरडले. “झेव! वाचवा! बुडतोय!”

काठावर एकानं झेवला विचारलं, “सर, ते खरंच बुडताहेत का?”

“तिथे?” झेवनं एक डोळा उघडला. “गुडघाभर पाणी आहे. तिथे बुडायचं तर आडवंच पडावं लागेल.”

ते आडवेच पडले होते, हे त्याला कुठे दिसत होतं! “आणि बघायचं नाही, असा हुकूम आहे,” म्हणून झेवनं डोळा मिटला.

पाणी प्लॉटकिन यांच्या कानात शिरलं. आता मात्र ते दुखणं खरं झालं. चौदा वर्षांचा संसार डोळ्यांपुढून सरकला. त्यातल्या बऱ्याच प्रसंगांत ते रुमालानं काहीतरी पुसत होते. मग या पन्नाशीच्या डॉक्टरांनी सगळी लाज सोडली आणि बेंबीच्या देठापासून हंबरडा फोडला, “आई! आई गं! आई!”

वरच्या ओसरीवर मिन्नाबाई पत्रं तपासत बसल्या होत्या. पोरांनी घरी लिहिलेल्या पत्रांत ‘मला इथून न्या’ किती वेळा आलंय ते बघण्याचं काम त्यांचं. हाक ऐकून त्यांनी मान वर केली. या माणसाचं खोटं बोलणं त्यांना पाठ होतं. खोटं बोलताना त्याचा आवाज चढायचा. हा आवाज फाटला होता. त्यांनी चष्मा काढून ठेवला, चपला सोडल्या आणि शहात्तर वर्षांच्या मिन्ना झास्लावस्की फुलाफुलांच्या झग्यासकट सरळ तळ्यात शिरल्या. पोरांच्या पाठी आपोआप वळल्या. मिन्नाबाई वाऱ्याच्या वेगानं नाही, पण जाताजाता रस्त्यातल्या पोरांना कोपरानं बाजूला सारत माशापर्यंत गेल्या, वल्ह्यानं फळी उचकटली आणि आत वाकून म्हणाल्या,

“आयर्विन. उभा राहा.”

“बुडतोय मी!”

“उभा राहा, गाढवा.”

प्लॉटकिन उभे राहिले. पाणी गुडघ्याला लागलं. डोक्यापासून पायापर्यंत डावीकडून निळे, उजवीकडून पांढरे, दाढी एका कानाला लोंबत असलेले प्लॉटकिन, आणि त्यांचा दंड धरून उभ्या असलेल्या मिन्नाबाई!

काठावर स्फोटच झाला. “रंगयुद्ध! रंगयुद्ध!” पोरं पाण्यात उड्या टाकायला लागली. कोणी निळ्या बाजूला धावलं, कोणी पांढऱ्या. झेव चक्क टाळ्या वाजवत होता. कोणाला म्हणून कळलं नव्हतं! दाफ्ना विनोकुरनं तर स्वतः पाठ फिरवली होती!

या गोंधळात मिन्नाबाई पुटपुटल्या, “चौदा वर्षं मिसेस झास्लावस्की, मिसेस झास्लावस्की. आज आई म्हणालास.”

प्लॉटकिन यांची हाक बाल्टिमोरला राहणाऱ्या स्वतःच्या आईला होती. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तोंड बंद ठेवण्याची बुद्धी झाली.

“ही कुणाची कल्पना?” पोरांनी विचारलं.

“दोघांची,” मिन्नाबाई सहज म्हणाल्या. “आठवडाभर तालीम केली आम्ही. आणि पुढच्या उन्हाळ्याचं आयर्विनच बघेल.”

संध्याकाळी प्लॉटकिन कान झटकत ओसरीवर बसले होते. तिसऱ्या अंघोळीनंतरही डावा गाल निळाच होता. पोरं येऊन हात मिळवून जात होती. शेवटी दाफ्ना आली.

“डॉक्टर, मानलं. मासा छान, गिरक्या छान, आजीबाईंचं येणं तर कमाल.”

प्लॉटकिन यांची छाती फुगली.

“फक्त ते रडणं जरा कच्चं वाटलं. खरा माणूस बुडताना असं आई आई करत रडेल का? कुणाला खरं वाटणार?”

प्लॉटकिन यांनी तोंड उघडलं. शेजारी मिन्नाबाईंनी पत्रावरची नजर उचलून चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं.

“पुढच्या वर्षी सुधारतो,” ते म्हणाले.