झणका विंग्जमधला पुकारा

जुळे सोलापुरातल्या 'झणका विंग्ज'मध्ये ऑर्डर तयार झाली की गिऱ्हाइकाला नंबरानं किंवा नावानं बोलावत नसत. त्याला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त लाज वाटते, ती गोष्ट पुकारत.

याचं गावात कुणाला विशेष वाटत नसे. कोंबडीचे पंख कुरकुरीत तळलेले असत, सॉस सात तऱ्हेचे, आणि ट्रे कधी चुकून दुसऱ्याच्या हातात जात नसे. "सासूचं दुखणं खोटं आहे असं डॉक्टरांना सांगणाऱ्या, सहा पीस, मधतिखट," असा पुकारा झाला की एक बाई उठायची, ट्रे घ्यायची, वहीत सही करायची आणि जागेवर येऊन खायला लागायची. बाकीचे आपापल्या पुकाऱ्याची वाट पाहत बसायचे.

अंबादास येमूल मात्र दुकान उघडल्यापासून दीड वर्षात तिकडे फिरकला नव्हता. तो शाळेत हेडक्लार्क होता. कुणी विचारलं तर पित्ताचं कारण सांगायचा. पण धाकट्या भावाची, व्यंकटेशची मुलगी मेघना बँकेच्या परीक्षेत पास झाली, आणि तिनं हट्टच धरला की पार्टी झणकामध्येच, आणि मोठे बाबा आलेच पाहिजेत. रविवारी दुपारी तिघं गेले. व्यंकटेशनं तिघांच्या ऑर्डरी दिल्या. हात धुवायचं निमित्त करून अंबादास काउंटरपाशी गेला.

काउंटरवर उज्ज्वला माने नावाच्या बाई होत्या. चष्मा, एप्रन, कानाला पेन.

"मॅडम, एक विनंती होती. माझी ऑर्डर नंबरानं पुकाराल का?"

"नंबराची सोय नाही. नंबर काय, कुणाचाही असू शकतो."

"मग नावानं?"

"अंबादास नावाचे आज सकाळपासून तिघं येऊन गेले. घोटाळा होतो."

"निदान हळू आवाजात?"

बाईंनी त्याच्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "हळू पुकारायला माझा घसा बसलेला असावा लागतो, काका. सध्या ठीक आहे."

"ऑर्डर रद्द केली तर?"

"रद्द झाली तर रद्द झाल्याचं पुकारावं लागतं. तेवढंच वाक्य लांबतं."

अंबादास परत येऊन बसला. त्याला माहीत होतं काय पुकारलं जाणार ते. एकोणतीस वर्षांपूर्वी व्यंकटेशला वीज मंडळातून मुलाखतीचं पत्र आलं होतं. वडील नुकतेच गेले होते, अंबादासला शाळेत नोकरी लागून सहा महिने झाले होते, आणि घरातले दोन माग चालवायला व्यंकटेशशिवाय कुणी नव्हतं. पोस्टमननं पत्र अंबादासच्या हातात दिलं. त्यानं ते शर्टाच्या खिशात ठेवलं, आज सांगू, उद्या सांगू करत मुलाखतीची तारीख जाऊ दिली, आणि मग फाडून टाकलं. पुढं माग भंगारात गेले. व्यंकटेश तेव्हापासून शाळेच्या मुलांची रिक्षा चालवत होता.

पहिला पुकारा मेघनाचा झाला. "आजीच्या तेराव्याला डोकं दुखतंय सांगून मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेलेली, आठ पीस, लिंबूमिरी." मेघना खाली मान घालून गेली आणि ट्रे घेऊन आली. व्यंकटेशनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि तिच्या ट्रेमधला एक पीस उचलला.

मग बाईंनी दुसरी चिठ्ठी हातात घेतली.

"धाकट्या भावाच्या मुलाखतीचं पत्र दडवणारे, बारा पीस, लसूणतिखट."

अंबादास उठला नाही. तो समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसला. दुकानात कुणी मान वर केली नव्हती, पण त्याला वाटलं की सगळे मुद्दाम खाली बघतायत. व्यंकटेशकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

बाईंनी पुन्हा पुकारलं, तेच शब्द, त्याच आवाजात. दोन मिनिटांनी तिसऱ्यांदा. अंबादासनं टेबलाखाली दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

मेघना म्हणाली, "मोठे बाबा, बारा पीस आपलेच होते ना?"

तो काही बोलायच्या आत पुढचा पुकारा झाला. "मोठ्या भावाच्या खिशातलं स्वतःचं पत्र वाचून परत तसंच ठेवणारे, आठ पीस, साधा तिखट."

व्यंकटेश उठला. सराईतासारखा काउंटरवर गेला, सही केली, ट्रे आणून टेबलावर ठेवला.

"अण्णा, तुझं गार होतंय तिकडं," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"तुझा शर्ट खुंटीला अडकवताना सापडलं. मुलाखतीला चार दिवस होते."

"मग गेला का नाहीस?"

व्यंकटेशनं सॉसची वाटी सरळ केली. "आधी वाटलं, अण्णा स्वतःहून सांगेल. नंतर खरं सांगायचं तर भीती वाटली. नापास झालो असतो तर? खिशात ठेवून दिलं की प्रश्नच मिटला. पुढं जे जे बिघडलं ते तुझ्या नावावर टाकत आलो. मनातल्या मनात. तुला काही कळायचं नाही, आणि मला बरं वाटायचं."

अंबादास मनात हिशेब मांडत होता. आपल्या लाजेत निम्मा वाटा दुसऱ्याचा निघाला तर ती निम्मी व्हायला हवी होती. ती वाढलीच. चार दिवस धाकटा भाऊ समोर जेवायला बसत होता, वाट बघत, आणि हा त्याला भाकरी वाढत होता.

तो उठला, काउंटरवर गेला. बाईंनी वही पुढं केली. त्याची सही वाकडी आली.

"थोडं गार झालंय," बाई म्हणाल्या. "चालेल ना?"

"चालेल."

तिघांनी खाल्लं. मेघनानं बँकेच्या ट्रेनिंगचं काय काय सांगितलं. अंबादासनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्यात पंख घातला. बिल व्यंकटेशनं दिलं.

पुढच्या रविवारी अंबादास एकटाच आला. सहा पीस सांगितले आणि दाराजवळच्या टेबलावर बसला. त्याला वाटत होतं की आता काहीतरी किरकोळ निघेल. शाळेतला पंखा घरी आणला होता तो, किंवा तसलंच. दहा मिनिटांनी बाईंनी चिठ्ठी घेतली.

"भावाची माफी न मागताच जेवून गेलेले, सहा पीस, लसूणतिखट."

अंबादास उठला. सही केली आणि ट्रे तसाच पुढं सरकवला.

"हे बांधून द्याल का? भावाकडं न्यायचंय."

"पोचेपर्यंत गार होईल," बाई म्हणाल्या.

"नाही होणार," अंबादास म्हणाला. "जवळच राहतो."