मयेकरांची अर्धी

आमच्या छकुलीच्या बारशाला मयेकर भाऊजींनी छत्तीस फोटो काढले, आणि छत्तीसच्या छत्तीस कानांचे! सासूबाईंचे कान, आत्याबाईंचे कान, पाळण्यातल्या छकुलीचे दोन्ही कान. मी कपाळाला हात लावला.

"अहो भाऊजी, चेहरे कुठेत?"

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलात वहिनी! माणूस हसला की बदलला. कड बघायची, कड!"

दोष त्यांच्या कामाचा. भाऊजी डॉल्फिनवर संशोधन करायचे. डॉल्फिन ओळखायची ती पाठीवरच्या पराच्या कडेवरून. कुणाला खाच, कुणाचं टोक तुटलेलं. वर्षानुवर्षं होडीतून तेच टिपून त्यांची नजर तशीच झालेली. उरलेल्या दिवसांत जंगलात पक्षी, बिबटे टिपायचे, ते फोटो कॅलेंडरवाल्यांना द्यायचे आणि त्यावर होडीचं डिझेल भागवायचे.

बरं, समुद्र दमणला आणि भाऊजींचं बिऱ्हाड इथे सिल्वासात, डोकमर्डीला, आमच्या शेजारी! का, तर "खाऱ्या हवेनं लेन्सला बुरशी धरते." एकटा जीव. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवायचे, म्हणून भात आमच्याकडे जेवायचे.

बोलायला विषय एकच, अर्धी. जाळ्यात अर्धा पर कापला गेलेली एक डॉल्फिन. अकरा वर्षं भाऊजी तिच्या मागावर. "काल अर्धी दिसली, पिल्लू होतं बरोबर," असं सांगताना आता खिशातून पेढेच काढतात की काय, असं वाटायचं.

एका सकाळी जवळच्या आमलीतल्या एसटीडीवाल्याकडे दमणच्या कोळ्याचा निरोप आला. "साहेब, मरेली डॉल्फिन आवी छे. पांख कपायेली छे."

भाऊजी पांढरेफटक पडले. "कापलेले पर पुष्कळ असतात वहिनी. खाच कुठेय त्यावर असतं," असं मला तीनदा सांगितलं. पण निघायचं नाव घेईनात. शेवटी आमच्या ह्यांनी ऑफिसला दांडी मारून स्कूटर काढली.

दुपारी परतले. भाऊजी दारात थांबून एवढंच म्हणाले, "अर्धीच होती," आणि घरात गेले. ह्यांनी सांगितलं, किनाऱ्यावर त्यांनी टेप लावून सगळी मापं घेतली, वहीत लिहिली, फोटो काढले. मग तासभर तिच्यापाशी बसून रुमालानं माश्या वारत होते.

डॉल्फिनचं सुतक असतं की नाही, ते शास्त्र्यांनी बघावं. मी पिठलं टाकलं, भात लावला आणि ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं.

भाऊजी रत्नागिरीकडचे. पिठलं-भात शेजारून कधी येतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. ताटाकडे बघितलं आणि सकाळपासून कोरडा राहिलेला तो माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

"जेवा भाऊजी," मी म्हटलं, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत तिथून हलले नाही.